यंत्राला तोंड देताना

गेल्या वर्षी एका कंपनीकडे तक्रार करायची होती. पैसे दोनदा कापले गेले होते, चूक उघडउघड त्यांची होती आणि मी चांगलाच तापलेला होतो. मदतीचं पान उघडलं तर कोपऱ्यात एक तरुणी हजर. संगणकावर घडवलेली, पण पापण्या लवत होत्या. मी टाइप करू लागलो की ती मान किंचित कलती करायची आणि थांबलो की समजल्यासारखी डोलवायची. मी लिहिलं होतं, 'दोनदा पैसे कापले आहेत, परत करा.' पाठवण्याआधी ते खोडलं आणि लिहिलं, 'जरा बघता का, बहुतेक दोनदा पैसे कापले गेलेत.' आता हे 'बहुतेक' कुठून आलं? दोन्ही व्यवहारांचे मेसेज माझ्यासमोर होते. तिने हसतमुखाने सात दिवस थांबायला सांगितलं. मी तिला 'धन्यवाद' म्हणालो आणि थांबलो. आठव्या दिवशी त्याच कंपनीच्या मोबाइल ॲपवर गेलो. तिथे चेहरा नव्हता, नुसती लिहायची चौकट होती. त्या चौकटीत तारीख, रक्कम, व्यवहार क्रमांक आणि पैसे परत करायची मुदत टाकून मी दोन ओळींत मोकळा झालो. 'बहुतेक' नाही, 'जरा' नाही.

दोन्हीकडे पलीकडची यंत्रणा एकच होती. बदललो होतो तो मी.

जे झालं त्याला मराठीत नेमका शब्द आहे: भीड. समोर कोणी बसलेलं असलं की आपण आवाज खाली आणतो, आकडा कमी करून सांगतो, नकार गिळतो. माणसामाणसांत ही भीड बरीच कामाची असते, तिच्यावाचून एकत्र राहणं अवघड झालं असतं. पण म्हणही आपलीच आहे: भीड भिकेची बहीण. व्हर्च्युअल असिस्टंटला चेहरा दिला की त्याच्याबरोबर ही भीड आपोआप येते. जिच्यासाठी आपण शब्द मऊ करतो ती तिथे नसतेच, आणि त्या मऊपणाचा लाभ मात्र तिच्यामागच्या कंपनीच्या खात्यात जमा होतो. म्हणून असिस्टंट कसा दिसावा हा प्रश्न डिझायनरच्या रंगसंगतीबरोबर उरकून टाकायचा नाही, असं माझं म्हणणं आहे. चेहरा हा ग्राहकावर टाकलेला एक प्रभाव आहे आणि तो कुठे टाकावा, कुठे नाही, याचे नियम हवेत.

यावर ठरलेलं उत्तर येतं: 'अहो, ते यंत्र आहे हे सगळ्यांना कळतं. कोण फसतंय?' फसत कोणीच नाही. पण कळतं तरी वळत नाही, अडचण ही आहे. १९६६ साली अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठातल्या जोसेफ वायझेनबाउम यांनी 'एलायझा' नावाचा प्रोग्राम जाहीर केला. तुम्ही टाइप केलेलं वाक्य उलटवून प्रश्न म्हणून परत करायचं, एवढीच त्याची करामत. त्यांची सेक्रेटरी कित्येक महिने त्यांना तो प्रोग्राम लिहिताना पाहत होती. तरी चार वाक्यांची देवाणघेवाण झाल्यावर तिने त्यांना खोलीबाहेर जायला सांगितलं, एकांत हवा म्हणून. चेहरा नाही, आवाज नाही, नुसती अक्षरं. त्याच्याही आधी, १९४४ मध्ये, फ्रिट्झ हायडर आणि मारियान झिमेल या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना एक छोटी चित्रफीत दाखवली होती. एक मोठा त्रिकोण, एक लहान त्रिकोण आणि एक वर्तुळ चौकोनाच्या आतबाहेर फिरताहेत, बस्स. बघणाऱ्यांनी वर्णन काय केलं? मोठा दांडगाई करतो, धाकटा लढतो, वर्तुळ घाबरून लपतं. त्रिकोणात दांडगट पाहणारं आपलं मन मिटमिटणाऱ्या पापण्यांसमोर किती वेळ टिकणार? अनोळखी चेहरा दिसल्यावर तो विश्वासू वाटतो की नाही हे आपण एका सेकंदाच्या दहाव्या भागात ठरवून टाकतो, हे २००६ मध्ये विलिस आणि टोडोरोव्ह या मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं. त्याखाली 'मी एक एआय आहे' ही बारीक ओळ वाचून होईपर्यंत निकाल लागलेला असतो.

मायक्रोसॉफ्टने ऑफिस ९७ बरोबर एक कागदाची क्लिप पाठवली, ती अनेकांना अजून आठवत असेल. दोन टपोरे डोळे, वर भुवया. पत्र लिहायला घेतलं की ही टपकणार आणि विचारणार, पत्र लिहिताय वाटतं, मदत करू का? जगभर लोकांनी तिचा मनापासून द्वेष केला. २००१च्या आवृत्तीत ती आपण होऊन समोर येणं बंद झालं, इतकंच काय, कंपनीने जाहिरातीत स्वतःच तिची टर उडवली. २००७च्या ऑफिसमध्ये ती उरलीच नाही. तीच सूचना पडद्याच्या तळाशी एका करड्या पट्टीत आली असती तर? कोणी ढुंकून पाहिलं नसतं आणि कोणाचं डोकंही फिरलं नसतं. पट्टी दहा वेळा तेच सांगते तेव्हा ती निरुपयोगी वाटते. डोळे असलेली वस्तू दहाव्यांदा तेच विचारते तेव्हा ती आगाऊ वाटते. 'आगाऊ' हा माणसावर मारायचा शिक्का आहे. क्लिपला भुवया दिल्या आणि माणसाकडून असते ती अपेक्षा तिच्याकडून सुरू झाली: कालचं आज लक्षात ठेव, नको म्हटलं तर थांब, मी कामात आहे हे ओळख. यातलं काहीही तिला येत नव्हतं.

या क्लिपचं उपकथानक मला मूळ कथेपेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं. माणसं संगणकाशी माणसासारखी वागतात, हा ज्यांच्या आयुष्यभराच्या अभ्यासाचा विषय, त्या स्टॅनफर्डच्या क्लिफर्ड नास यांनी पुढे एक गंमत करून पाहिली. क्लिपने मदत केल्यावर विचारायचं, उपयोग झाला का? 'नाही' असं उत्तर आलं की क्लिपनेच कंपनीवर तोंडसुख घ्यायचं आणि चला, त्यांना खरमरीत पत्र लिहू या, म्हणायचं. लोकांना ही क्लिप भलतीच आवडली. मदत पूर्वीइतकीच कुचकामी होती. फक्त आता ती आपल्या बाजूची झाली होती. नास यांनी हे सौम्य विनोदाने सांगितलं आहे. मला त्यात धोक्याची घंटा ऐकू येते. कंपनी आणि ग्राहक यांच्यामध्ये एक चेहरा उभा करता येतो, तो आपल्या वतीने हळहळतो आणि आपला राग तिथल्या तिथे जिरतो. कंपनीला काहीही दुरुस्त करावं लागत नाही. माझ्या तरुणीनेही 'तुम्हाला झालेल्या त्रासाबद्दल मला खरंच वाईट वाटतं' असं म्हणून भुवया जवळ आणल्या होत्या. तोंडदेखलं म्हणजे काय, याचं इतकं शब्दशः उदाहरण शोधून सापडणार नाही.

भिडेमुळे आपण काय बोलतो तेही बदलतं. १९९६ मध्ये ली स्प्रोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना स्वतःबद्दल काही प्रश्न विचारले. काहींना पडद्यावर नुसत्या मजकुरातून, काहींना पडद्यावरच्या बोलत्या चेहऱ्याकडून. चेहऱ्याला उत्तरं देणाऱ्यांनी स्वतःला अधिक उजळ रंगवलं. चेहरा खरा नव्हता, त्याचं आपल्याबद्दल काही मत होणार नव्हतं, तरीही त्याच्यासमोर बरं दिसायचं होतं. आता तेच प्रश्न झोप किती होते, औषधं वेळेवर घेता का, दारू किती पिता असे आहेत असं समजा. गोड चेहरा लावला की उत्तरंही गोड येणार आणि डॉक्टरच्या हाती खोटी नोंद पडणार.

याच्या उलट बाजूचं म्हणून एक उदाहरण नेहमी पुढे केलं जातं. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात 'एली' नावाची पडद्यावरची मुलाखतकार तयार झाली होती. मान डोलवायची, हुंकार द्यायची, सावकाश प्रश्न विचारायची. २०१४च्या अभ्यासात लोक तिच्यापुढे मोकळे झाले, म्हणून चेहरा हवाच, असा युक्तिवाद होतो. पण त्या अभ्यासातली मेख वेगळीच आहे. चेहरा सगळ्यांसमोर तोच होता. काहींना सांगितलं होतं की पलीकडे माणूस बसून हिला चालवतो, काहींना सांगितलं होतं की हे पूर्ण स्वयंचलित आहे. मोकळे झाले ते दुसरे. आपल्याला कोणी पाहत नाही, या खात्रीने त्यांची जीभ सैल केली होती. म्हणजे यंत्र आहे हे ठणकावून सांगितल्याने काही बिघडत नाही, उलट काम चांगलं होतं. चेहऱ्याची जादू टिकवण्यासाठी यंत्रपण झाकावं लागतं असं म्हणणाऱ्यांनी हा अभ्यास पुन्हा वाचावा.

चेहरा म्हटलं की तो कोणाचा, हा प्रश्न आलाच. १९९७ मध्ये नास यांच्याच गटाने संगणकाला कधी पुरुषाचा तर कधी बाईचा आवाज देऊन पाहिला. शब्द तेच. संगणकाबद्दलची माहिती पुरुषी आवाजात जास्त जाणकार वाटली आणि प्रेम व नातेसंबंधांबद्दलची बायकी आवाजात. आमच्यावर आवाजाचा काही परिणाम झाला नाही, असंही याच मंडळींनी सांगितलं. पुढे बाजारात आलेले बहुतेक असिस्टंट बाईच्या आवाजात हुकूम झेलत आले, हा योगायोग म्हणायचा का? २०१९ मध्ये युनेस्कोने यावर अहवाल काढला आणि त्याचं शीर्षकच ॲपलच्या सिरी या असिस्टंटच्या एका उत्तरावरून घेतलं. कोणी अश्लील शिवी दिली की ती म्हणायची, मला लाजता आलं असतं तर लाजले असते. २०२१ पासून ॲपल इंग्रजी वापरणाऱ्यांना सुरुवातीलाच आवाज निवडायला लावतं. छोटी सुधारणा आहे, पण आधी ठरलेला आवाज हा 'नैसर्गिक' नव्हता, तो कोणीतरी निवडलेला होता, हे त्यातून निदान कबूल झालं.

मराठीत तर चित्र न काढताही सुटका नाही. इंग्रजीतला असिस्टंट 'आय'च्या आड लपू शकतो. आपल्याकडे पहिल्याच वाक्यात 'मदत करते' की 'मदत करतो' हे ठरवावं लागतं, आणि क्रियापदाने चेहरा काढून झालेला असतो. 'मदत केली जाईल' असं म्हणून कडेने जायला बघाल तर तो परिपत्रकासारखा बोलू लागतो. खरं तर आपल्याकडे नपुंसकलिंग आहे, यंत्र हा शब्दही नपुंसकलिंगीच. पण 'मी मदत करतं' म्हणायची कोणाची छाती होत नाही, कारण 'मी' म्हणणारी वस्तू आपल्या व्याकरणाने कधी पाहिलेलीच नाही. मला स्वतःला ते विचित्र 'करतं' चालेल. कानाला खटकेल, आणि खटकलंच पाहिजे.

खटकण्यावरून मासाहिरो मोरी आठवतात. या जपानी अभियंत्याने १९७० साली 'बुकिमी नो तानी', म्हणजे भयाण वाटणारी दरी, ही कल्पना मांडली. यंत्र माणसासारखं दिसत जातं तसतसं ते आवडत जातं, पण अगदी जवळपास माणसासारखं झालं की एकदम शिसारी येते. त्यांचं उदाहरण कृत्रिम हाताचं होतं: दिसायला हुबेहूब, हातात घ्यावा तर थंडगार. त्यांच्या आलेखाच्या नेमक्या आकारावर संशोधकांत अजून वाद आहेत. पण मोरींनी दिलेला सल्ला फारसा कोणी सांगत नाही. दरी ओलांडून पलीकडे जाण्याचा अट्टाहास करू नका, अलीकडेच थांबा, मुद्दाम माणसासारखं न दिसणारं काहीतरी सुंदर घडवा, असं ते म्हणत होते. उद्योगाने त्यांची दरी घेतली, सल्ला सोडला आणि पूल बांधायला घेतला. आज तो पूल जवळजवळ बांधून झाला आहे. ओठ शब्दांशी जुळतात, श्वास घेतल्याचा भास होतो, बोलताना मध्येच 'अं' येतं. ती शिसारी ही त्रुटी आहे असं आपण समजत होतो. मला आता वाटतं ते कुंपण होतं. समोर माणूस नाही, हे अंगावर काटा आणून सांगणारं.

कुंपण गेल्यावर काय होतं याची झलक जॉर्जिया टेक या अमेरिकी विद्यापीठाच्या २०१६च्या प्रयोगात दिसते. तिथे चेहराही नव्हता. चाकांवरचा एक रोबोट, त्याच्यावर उजळलेली अक्षरं: आपत्कालीन मार्गदर्शक. २६ जणांना तो आधी एका खोलीकडे घेऊन गेला. त्यांतल्या निम्म्यांसमोर तो वाटेत चक्क चुकला होता. मग मार्गिकेत खोटा धूर सोडला, धोक्याची घंटा वाजवली. ज्या दाराने माणसं आत आली होती ते माहीत असताना, सगळेच्या सगळे २६ जण रोबोटच्या मागे गेले. बाह्यरूपाने दिलेला अधिकार डोळ्यांदेखत झालेल्या चुकीपेक्षा वरचढ ठरला.

इथे आजच्या असिस्टंटचा सर्वांत मोठा दोष येतो, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. त्यांच्या चेहऱ्यावर 'माहीत नाही' हा भाव नाही. माणसाला खात्री नसली की तो अडखळतो, नजर वळवतो, कपाळाला आठी पडते. आपण ते वाचतो आणि त्याच्या सल्ल्यातून तेवढं वजा करतो. भाषेची आजची मॉडेलं पुढचा संभाव्य शब्द निवडत निवडत उत्तर रचतात, त्यामुळे खरी माहिती आणि रचलेली माहिती एकाच ओघात बाहेर पडते. कागदावर हे जितकं धोक्याचं, त्याहून जास्त धोक्याचं ते शांत, स्थिर, प्रसन्न चेहऱ्यातून ऐकताना. बरोबर उत्तर देताना जे स्मित, तेच ठोकून देताना. आणि जे हावभाव आहेत ते नसलेल्या गोष्टींचे: वाचल्यासारखे खाली झुकणारे डोळे, विचार करत असल्यासारखे तीन नाचरे ठिपके. ही सजावट नव्हे, चुकीची माहितीच आहे.

चेहरा सगळीकडून काढून टाका, असं मी म्हणत नाही. ज्यांना लांबलचक मजकूर वाचणं जड जातं, त्यांना बोलता चेहरा खरोखर आधार देतो. भाषा शिकताना ओठांच्या हालचाली दिसल्या तर उच्चार लवकर उमगतात. आणि जिथे सोबत हेच काम आहे तिथे रूपाशिवाय भागणारच नाही. पण तिथेही रूप प्रामाणिक ठेवता येतं. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी जपानच्या ताकानोरी शिबाता यांनी 'पारो' हा रोबोट केला, तो सील या समुद्री प्राण्याच्या पिल्लाच्या रूपात. कुत्रा किंवा मांजर का नाही? कारण ती सगळ्यांना जवळून माहीत असतात, तुलना होते आणि निराशा पदरी येते. सीलबरोबर घर कोणी केलेलं नसतं. पारो कुशीत घेता येतो, थोपटलं की हुंकारतो, पण तो कोणाला औषधाची मात्रा सुचवत नाही. त्याचं रूप जेवढं कबूल करतं तेवढं तो करतो. उलट 'रेप्लिका' या गप्पांच्या ॲपचं २०२३च्या फेब्रुवारीत काय झालं पाहा. कंपनीने प्रणयाच्या संभाषणांवर बंधनं आणली आणि कित्येकांना आपलं माणूस रातोरात परकं झाल्यासारखं वाटलं. चेहरा जागेवर होता, नाव तेच होतं, आतलं बदललं होतं. त्या दुःखाला हसणं सोपं आहे. चेहरा तोच म्हणजे माणूस तोच, हा हिशेब आपण पाळण्यातून शिकून आलेलो असतो. तो त्यांनी लावला, इतकंच.

कायद्यांनी सुरुवात केली आहे. कॅलिफोर्नियात जुलै २०१९ पासून विक्रीसाठी किंवा मतांसाठी लोकांना फसवणाऱ्या बॉटने, म्हणजे माणसासारखं बोलणाऱ्या प्रोग्रामने, आपण बॉट आहोत हे सांगणं बंधनकारक आहे. युरोपीय संघाच्या २०२४च्या एआय कायद्यातही तुम्ही यंत्राशी बोलत आहात हे कळवण्याची अट आहे. चांगलं आहे, पुरेसं नाही. हे कायदे शब्दांपुरतं पाहतात. एक ओळ लिहिली की सुटले. रूपाबद्दल ते फारसं काही बोलत नाहीत. मला हवे असलेले नियम तसे साधे आहेत. पैसा, आरोग्य, नोकरी, कायदा यांतला निर्णय किंवा तक्रार जिथे हाताळली जाते तिथे माणसाचा चेहरा नको. तिथे कंपनीचं नाव आणि चिन्ह बोलू दे, म्हणजे राग आणि जबाबदारी दोन्ही योग्य पत्त्यावर जातील. इतरत्र चेहरा असेल तर तो बंद करण्याचं बटण पहिल्याच पडद्यावर हवं, सेटिंगच्या सातव्या तळघरात नको. आणि न घडणाऱ्या क्रियेचा अभिनय बंद. वाचत नसाल तर डोळे खाली झुकवू नका.

यामुळे विक्री घटेल, ग्राहक लवकर निघून जातील, असं कंपन्या म्हणतील. शक्य आहे. पण मग त्यांनी चेहरा लावण्याचं कारणही मान्य केल्यासारखं होईल.

माझे पैसे अकराव्या दिवशी परत आले. परवा दुसऱ्या कामासाठी तेच पान उघडलं. ती तरुणी गेली आहे. आता तिथे चष्मा लावलेले, कानांपाशी केस पिकलेले एक गृहस्थ असतात. मान डोलवतात. मी मुद्दाम जुनाच प्रश्न विचारून पाहिला, उत्तर शब्दन्‌शब्द तेच आलं, सात दिवसांसकट. प्रश्नाची सुरुवात मात्र मी या खेपेला 'सर' अशी केली होती, हे पाठवून झाल्यावर लक्षात आलं.